यूच्या जागी रेघ

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये 'एमडीस्टॅट' नावाची एक छोटी फाइल असते. एकच माहिती दोन डिस्कवर जुळी ठेवली असेल, तर या फाइलमध्ये चौकटी कंसात दोन अक्षरं दिसतात: यू, यू. दोन्ही डिस्क कामावर आहेत, असा त्याचा अर्थ. एक डिस्क गेली की तिच्या यूच्या जागी एक बारीक आडवी रेघ येते. घंटा वाजत नाही, काम थांबत नाही, पडद्यावर लाल अक्षरं येत नाहीत. एक यू जातो आणि रेघ येते, एवढंच.

एका नोव्हेंबरमध्ये मला तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेतून बोलावणं आलं. सकाळपासून सर्व्हर उठत नव्हता. जिन्याखालच्या खोलीत, जुन्या लेजरांच्या गठ्ठ्यांशेजारी तो ठेवलेला होता. कॅशिअर बाई म्हणाल्या, "सर, काल संध्याकाळपर्यंत सगळं व्यवस्थित चालू होतं हो. दिवासुद्धा हिरवाच होता." त्या खरं तेच सांगत होत्या. मी दोन्ही डिस्क काढल्या आणि एकेक करून माझ्या मशीनला जोडल्या. एक पूर्ण मेलेली होती. दुसरी फिरत होती, वाचताही येत होती, पण तिच्यावरच्या शेवटच्या नोंदीची तारीख मार्चमधली होती. जोडीतून ती मार्चमध्येच बाहेर पडली होती. आठ महिने संस्थेचा सगळा हिशेब एकट्या डिस्कवर चालला होता आणि आठ महिने त्या फाइलमध्ये यूच्या जागी रेघ होती. सूचनेचा ईमेल जात होता, पण ज्या तंत्रज्ञाच्या पत्त्यावर तो जायचा, तो वर्षभरापूर्वीच नोकरी सोडून गेला होता. बॅकअप तीन आठवड्यांचा जुना निघाला. मधल्या दिवसांच्या नोंदी पावतीपुस्तकांवरून पुन्हा भरायला चार माणसांना अकरा दिवस लागले.

सर्व्हर दुखणं अंगावर काढतो. त्याची घडणच तशी असते. एक डिस्क गेली तर दुसरीवर चालायचं, एक पॉवर सप्लाय बसला तर दुसऱ्याने भार घ्यायचा, मेमरीतला एखादा बिट उलटला तर तो सुलटा करून पुढे जायचं. त्यामुळे वापरणाऱ्याला त्रास होत नाही, आणि त्यामुळेच त्याला काही कळतही नाही. म्हणून मशीनवर नजर ठेवणारं दुसरं काहीतरी लागतं. मोठ्या सर्व्हरच्या मदरबोर्डवर त्यासाठी एक वेगळा छोटा संगणकच बसवलेला असतो. त्याला बीएमसी म्हणतात. मुख्य मशीन बंद असलं तरी वीज मिळते आहे तोवर हा जागा असतो. तापमान, व्होल्टेज, पंख्यांचा वेग मोजतो आणि काही बिनसलं की नोंद करतो. त्याच्याशी बोलण्याची आयपीएमआय ही सामाईक पद्धत इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या कंपन्यांनी १९९८ साली आणली.

पण ही सोय हाताशी असेलच असं नाही. वॉरंटी संपते, निदान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संपतं. कधी बीएमसीच बिघडतो. कधी मशीनवर घातलेली ऑपरेटिंग सिस्टिम कंपनीच्या यादीत नसते. कधी सुरक्षेसाठी मशीन बाहेरच्या जगापासून तोडलेलं असतं. आणि कधी ते स्थानिक दुकानातून जुळवून आणलेलं असतं, ज्यात असलं काही मुळातच नव्हतं. शाळा, छापखाने, छोटे दवाखाने, पतसंस्था यांच्याकडे मी पाहिलेली बरीच मशीनं या शेवटच्या जातीची आहेत. अशा ठिकाणी माणसानेच फेरी मारायची असते. ती कशी मारायची, हे या प्रकरणात सांगायचं आहे.

सुरुवात एका मनाईने करतो. मशीन अडखळलं की पहिला सल्ला मिळतो, "एकदा रीस्टार्ट करून बघा." नोंदी उतरवून घेतल्याशिवाय ते करू नका. मशीन आपली दुखणी चार-पाच ठिकाणी लिहून ठेवतं आणि त्यातल्या काही जागा रीस्टार्टबरोबर पुसल्या जातात. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आपले संदेश मेमरीतल्या एका गोलाकार पट्टीवर लिहितो. 'डीमेसेज' ही कमांड दिली की ते दिसतात. पट्टी भरली की नवी ओळ सगळ्यात जुन्या ओळीवर चढते, आणि मशीन बंद झालं की पट्टीच नाहीशी होते. मेमरीच्या चुका मोजणारे कर्नलचे आकडे रीस्टार्टनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतात. डिस्कवरच्या लॉग फाइल्स टिकतात, पण बिघडलेली डिस्क तीच असेल तर शेवटचे, सगळ्यात महत्त्वाचे तास तिथे उतरलेलेच नसतात. डिस्कने स्वतःच्या पोटात ठेवलेली मोजदाद मात्र टिकते आणि बीएमसीची घटनावहीही टिकते.

या घटनावहीबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. तिची पानं मोजकी असतात. अनेक मशीनांत ती भरली की नव्या नोंदी घेणंच बंद होतं, म्हणून ती अधूनमधून उतरवून घेऊन रिकामी करावी लागते. दुसरं, बीएमसीचं घड्याळ वेगळं असतं. ते तासाभराने मागे असू शकतं, काही वर्षांनीही असू शकतं. वही उघडण्याआधी ते घड्याळ आणि आपल्या हातातलं घड्याळ यांतला फरक लिहून घ्यावा. हा फरक न पाहता मंगळवारच्या बिघाडाचं कारण रविवारी वीज जाण्यात शोधणारी माणसं मी पाहिली आहेत.

मशीन पूर्ण गोठलं असेल आणि पडद्यावर ओळींचा ढीग साचला असेल, तर आधी मोबाइल काढा आणि पडद्याचा फोटो घ्या. त्या ओळी दुसरीकडे कुठेही नसण्याची शक्यता मोठी असते.

आता डिस्क. डिस्कच्या चुकांची ओळ कर्नलच्या लॉगमध्ये साधारण अशी असते: 'आय-ओ एरर', मग डिस्कचं नाव, मग सेक्टरचा क्रमांक. बहुतेक जण 'एरर' या शब्दापाशी थांबतात. खरी माहिती शेवटच्या क्रमांकात असते. तोच किंवा त्याच्या आसपासचा क्रमांक पुन्हा पुन्हा येत असेल, तर डिस्कच्या पृष्ठभागावर एक जागा खराब झाली आहे. क्रमांक सैरावैरा असतील, आज इथला उद्या तिथला, तर डिस्कपेक्षा केबल, पॉवर किंवा कंट्रोलरवर संशय घ्यावा. त्याच ओळींच्या आसपास कर्नल 'लिंक रिसेट' करतो आहे आणि थोड्या वेळाने जोडणीचा वेग ६ गिगाबिटवरून ३ वर उतरवतो आहे असं दिसलं, तर संशय आणखी पक्का होतो. ऐकू येत नाही म्हणून समोरच्याला हळू बोलायला सांगावं, तसा तो वेग उतरवतो.

डिस्कच्या पोटातली मोजदाद 'स्मार्ट' या नावाने ओळखली जाते आणि 'स्मार्टसीटीएल' या कमांडने वाचता येते. मोठा तक्ता येतो. तो पाहून घाबरू नका. काही कंपन्यांच्या अगदी निरोगी डिस्कवरही 'रीड एरर रेट'चा कच्चा आकडा कोटींमध्ये दिसतो. त्याची मांडणीच वेगळी असते. पाहायच्या ओळी चार. क्रमांक ५: खराब झाल्यामुळे राखीव जागेवर हलवलेले सेक्टर. क्रमांक १९७: वाचता न आलेले, निकालाची वाट पाहणारे सेक्टर. क्रमांक १९८: डिस्कने स्वतःची तपासणी केली तेव्हाही न वाचले गेलेले. आणि क्रमांक १९९: डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेला मजकूर.

या १९९ ने मला हाताने नजर ठेवण्यातली मुख्य गोष्ट शिकवली. एका मशीनवर तो आकडा ३१२ होता. वाईट की चांगला? सांगता येत नाही. हा आकडा कधीच मागे येत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या सैल केबलचे ३१२ आणि आज सकाळपासूनचे ३१२ हे तक्त्यात सारखेच दिसतात. मी आकडा आणि तारीख लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी ३४० झाले, तिसऱ्या दिवशी ३७१. मग केबल बदलली. आकडा ३७१ वर होता तो तिथेच राहिला. आठवड्याने ३७१, महिन्याने ३७१. डिस्क निर्दोष होती, पन्नास-साठ रुपयांची केबल दोषी होती. एका वाचनावरून यातलं काहीही कळलं नसतं. आकड्याला अर्थ येतो तो कालच्या आकड्याशेजारी ठेवल्यावर, आणि कालचा आकडा कोणी लिहिलाच नसेल तर मशीनसमोर उभा असलेला सगळ्यात हुशार माणूसही आंधळाच असतो.

स्वयंचलित यंत्रणा करते ते तरी दुसरं काय? दर पाच मिनिटांनी आकडा वाचायचा, वेळेसकट साठवायचा, मागच्याशी ताडायचा. ती नसेल तर पाच मिनिटांच्या जागी दिवसातून एकदा, आणि साठवणीच्या जागी दोनशे पानी वही. अंतर मोठं आहे, पण काम तेच.

वहीचं हे काम संगणकाइतकंच जुनं आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या मार्क टू या रिलेवर चालणाऱ्या संगणकाच्या ऑपरेटरांची वही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात, स्मिथसोनियनमध्ये, जपून ठेवलेली आहे. ९ सप्टेंबर १९४७ च्या पानावर चिकटपट्टीने एक पतंग चिकटवलेला आहे. तो रिलेत अडकला होता. संगणकातल्या चुकीला 'बग' म्हणण्याशी जोडलेली ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. मला त्या पानावर पतंगाहून वेधक वाटते ती त्याच्या बाजूची नोंद: वेळ १५ वाजून ४५ मिनिटं, पॅनेल एफ, रिले क्रमांक ७०. त्याच्या वर, १५ वाजून २५ मिनिटांनी बेरीज-गुणाकाराची चाचणी सुरू केल्याची नोंद आहे. त्याआधी सकाळी ११ वाजता कोसाइनची पट्टी चालवून तपासणी सुरू केल्याची. कोणत्या वेळी, कोणत्या जागी, काय करत असताना. पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी वहीत याहून वेगळं काही लिहायचं नसतं.

मेमरीची गोष्ट डिस्कपेक्षा नाजूक आहे. सर्व्हरच्या मेमरीत सहसा दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवलेले असतात. त्यांच्या आधारे एक बिट उलटला तर तो ओळखून दुरुस्त करता येतो आणि दोन उलटले तर निदान 'चूक झाली' एवढं कळतं. ही युक्ती रिचर्ड हॅमिंग यांच्या कामातून आली. ते बेल लॅबमध्ये होते आणि शनिवार-रविवारी तिथल्या रिले संगणकावर आपली गणितं टाकत. इतर दिवशी चूक झाली की तिथे हजर असलेला ऑपरेटर ती निस्तरायचा. सुट्टीच्या दिवशी कोणी नसायचं, मग मशीन चूक ओळखायचं आणि ते गणित सोडून पुढच्याकडे वळायचं. सोमवारी हॅमिंग यांच्या हाती काहीच नसायचं. मशीनला चूक झाल्याचं कळतं, तर ती कुठे झाली हे कळून ती दुरुस्त का करता येऊ नये, या चिडीतून त्यांनी शोध घेतला आणि १९५० साली त्यावरचा लेख प्रसिद्ध केला. म्हणजे आज आपल्या सर्व्हरमध्ये जे गुपचूप चालतं, त्याचा उगम माणूस हजर नसण्याच्या अडचणीत आहे.

लिनक्समध्ये या चुकांचे दोन आकडे मिळतात. 'सीई' म्हणजे दुरुस्त झालेल्या चुका आणि 'यूई' म्हणजे दुरुस्त न झालेल्या. यूई शून्याच्या वर गेला तर वाट पाहू नये. सीईबद्दल मात्र तारतम्य लागतं. गूगलने आपल्या ताफ्यातल्या सर्व्हरांच्या मेमरीचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात सुमारे एक तृतीयांश मशीनांमध्ये आणि ८ टक्क्यांहून अधिक मेमरी पट्ट्यांमध्ये दुरुस्त होण्याजोगी एक तरी चूक आढळली. म्हणजे चूक होणं हे नवल नाही. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं, की चुका सगळ्या पट्ट्यांमध्ये सारख्या वाटलेल्या नसतात. जी पट्टी एकदा चुकते ती पुन्हा चुकण्याची शक्यता फार वाढते. वर्षातून एक सीई आली तर लिहा आणि सोडून द्या. एकाच पट्टीवर आज चार, उद्या नऊ, परवा चाळीस, तर पाणी कुठेतरी मुरतंय.

कुठे मुरतंय, हे शोधायची पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. कर्नल चूक कोणत्या चॅनेलवर झाली ते सांगतो, पण तो चॅनेल म्हणजे मदरबोर्डवरचा नेमका कोणता खाचा, हे स्वस्त मशीनांत नेहमी कळत नाही. मशीन बंद करा, वीज काढा, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा आणि संशयित पट्टी शेजारच्या पट्टीशी अदलाबदल करून बसवा. दोन्ही पट्ट्यांचे अनुक्रमांक आणि जागा आधी लिहून घ्या, नंतर आठवत नाहीत. मग काही दिवस आकडा पाहा. चूक पट्टीबरोबर नव्या जागी गेली तर पट्टी वाईट. जुन्याच जागी राहिली तर खाचा किंवा त्यामागचं सर्किट वाईट. आणि दोन्हीकडून नाहीशी झाली, तर पट्टी नीट बसलेली नव्हती किंवा तिच्या टोकांवर मळ होता. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर हा तिसरा निकाल मला वरचेवर मिळाला आहे. दुकानात ही टोकं खोडरबराने घासतात. मी घासत नाही. त्यावरचा सोन्याचा थर अतिशय पातळ असतो आणि रबराचा चुरा खाच्यात जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं पुरतं.

काही गोष्टी कमांडला कळतच नाहीत. त्यासाठी खोलीत जावं लागतं. बेअरिंग झिजलेला पंखा वेग दाखवणाऱ्या आकड्यात ठीक असतो, पण त्याचा आवाज घरघरता होतो, आणि रोज तो आवाज ऐकणाऱ्या शिपायाला तो आपल्याआधी कळतो. त्याला विचारत जा. मदरबोर्डवरचे छोटे उभे नळकांडीसारखे कपॅसिटर पाहा. त्यांच्या माथ्यावर फुलीसारखी खाच असते आणि तो माथा सपाट असायला हवा. फुगला असेल किंवा कडेने तपकिरी डाग उतरला असेल, तर त्या बोर्डाचे दिवस भरले आहेत. २००० सालाच्या आगेमागे असे सदोष कपॅसिटर जगभर लाखो बोर्डांवर बसले होते. पॉवर सप्लाय दोन असतील तर दोघांचे दिवे पाहा, एकाचा पाहून परत येऊ नका. समोरून दिसणारा हिरवा दिवा बऱ्याच मशीनांत एवढंच सांगतो, की मशीन चालू आहे.

एवढं सगळं करूनही काही मशीनं काहीही न सांगता जातात. गूगलच्याच २००७ च्या अभ्यासात एक लाखाहून अधिक डिस्क पाहिल्या होत्या. तपासणीत पहिली चूक दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट आढळली. हा आकडा वाचून नोंदींवर विश्वास बसतो. पण त्याच अभ्यासात गेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. वही आणि बॅकअप यांत निवड करायची वेळ आली तर बॅकअप निवडा. वही त्याच्या जोडीला आहे, त्याच्या बदल्यात नाही.

याहून कठीण प्रकार म्हणजे चुकीचं उत्तर ठामपणे देणारा प्रोसेसर. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये असं एक उदाहरण प्रसिद्ध केलं. दाबून लहान केलेल्या फाइल्स उलगडताना काही फाइल्स गायब होत होत्या, कारण त्यांचा आकार शून्य येत होता. शोधत शोधत ते एका मशीनच्या एकाच कोअरपर्यंत पोचले, क्रमांक ५९. १.१ चा ५३ वा घात काढला तर त्याचा पूर्णांक १५६ येतो. हा कोअर शून्य सांगत होता. ५२ वा घात विचारला तर १४२ हे बरोबर उत्तर देत होता. कुठल्याही लॉगमध्ये एकही ओळ नव्हती, कारण मशीनच्या मते चूक झालेलीच नव्हती.

इथे एकच उपाय चालतो: उत्तर आधीच ठाऊक असलेलं गणित मशीनला घालायचं. मार्क टूवर त्या सकाळी ११ वाजता तेच चाललं होतं. आपल्याला घरगुती पातळीवर हे सहज जमतं. एक मोठी फाइल कायमची बाजूला ठेवा, तिची चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेली छोटी संख्या, वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि दर आठवड्याला ती पुन्हा काढून पडताळा. एक अक्षर जरी वेगळं आलं, तर डिस्क, मेमरी, केबल, प्रोसेसर यांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय. कोण, ते नंतर शोधता येईल. मेमरी तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्रॅम रात्रभर चालवणं हाही त्याच जातीचा उपाय. त्यासाठी मशीन कामातून काढावं लागतं, म्हणून सुट्टीचा दिवस निवडा.

त्या पतसंस्थेत आता कॅशिअर बाईच वही भरतात. मी त्यांना कमांड शिकवायला गेलो तेव्हा त्या बिचकल्या होत्या, आता फोन करून सांगतात, "सर, १९७ ला काल शून्य होतं, आज दोन आलेत." त्यांच्या वहीत तारीख, वेळ, यू-यू, ५, १९७, १९८, १९९, सीई, यूई, खोलीचं तापमान असे रकाने आहेत आणि शेवटी एक रुंद रकाना 'आणखी काय घडलं' यासाठी. या शेवटच्या रकान्यात त्या वीज गेल्याचं, एसी बंद ठेवल्याचं, खोलीत झाडू मारताना केबलला धक्का लागल्याचं लिहितात. मध्यंतरी रविवारी दुपारी चुका यायच्या, त्यांचं कारण त्या रकान्यातूनच सापडलं: शनिवारी संध्याकाळी एसी बंद व्हायचा.

तुमच्याकडे असं एखादं मशीन असेल, तर हे पुस्तक मिटण्यापूर्वी एक वही घ्या, आजची तारीख घाला आणि त्याचे आकडे उतरवा. सगळीकडे शून्य आलं तर शून्य लिहा. आणि सूचनेचा ईमेल कोणाच्या पत्त्यावर जातो, तेही आजच पाहून घ्या.